सोळा जूनचं फाटक

११ एप्रिल २००९

ही वही खरं तर वासरांची. बिल्ल्याचा आकडा, गाय कुठली, दिवस कुठला, जगलं की मेलं, एवढंच हिच्यात लिहायचं असतं. आज त्र्याण्णव नंबरच्या गाईला वासरू झालं. उभं राहिलं, प्यायलं. झालं लिहून. उरलेल्या पानावर राग लिहिते, कारण तो लेलँडला सांगण्यात अर्थ नाही. लेलँड माझा थोरला भाऊ. त्याला काहीही सांगितलं की तो उठतो आणि चुलीत एक लाकूड सारतो. तेच त्याचं उत्तर असतं.

ओढ्यापलीकडच्या इतुरींच्या फाटकाला कुलूप लागलंय. म्हणायला इतुरींची, पण जागा आता त्यांची राहिली नाही. म्हातारा बिशेन्ते इतुरी मागच्या ऑक्टोबरात गावातल्या वृद्धाश्रमात गेला आणि व्हिटकॉम नावाच्या कुणा श्रीमंताने ती घेतली. हा समुद्राकाठी राहतो, वर्षातून दोनदा विमानाने येतो आणि दुर्बिणीतून सांबरं बघतो. फाटकाला साखळी, साखळीला पितळी कुलूप, वर पाटी की खाजगी जागा, आत येऊ नये.

सोळा जूनला आमच्या एकशे तीस गाई वासरांसकट त्या फाटकातून वर जातात. ओढ्याच्या काठाने खिंडीपर्यंत आणि खिंडीतून वरच्या सरकारी रानात. तिथे चराईचा परवाना आज्याच्या काळापासून आम्हा क्रँडलांच्या नावावर आहे. उन्हाळाभर गुरं वर राहतात, खाली आमच्या कुरणात गवत वाढतं, ते कापून हिवाळ्यात त्यांना घालायचं. गुरं वर गेली नाहीत तर उन्हाळ्यातच कुरण खाऊन टाकतील आणि जानेवारीत मी त्यांच्यापुढे बर्फ टाकणार की काय? दुसरी वाट नाही. मागे सगळा कडा आहे.

बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. ते असते तर त्या कुलपाला हातोडीने उत्तर दिलं असतं.

१२ एप्रिल

व्हिटकॉमच्या कारभाऱ्याला फोन केला. टॉड नाव. पोरगा वाटतो आवाजावरून, पण बोलला नीट. "बाई, साहेबांना दोन ओळी लिहा ना. तारीख कळवा, विचारा. ते काही वाईट नाहीत."

मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? ती सार्वजनिक वाट आहे. माझ्या बापाच्या आधीपासूनची. स्वतःच्या वाटेवर पाय ठेवायला क्रँडल कुणाची परवानगी मागत नाहीत."

तो म्हणाला, "मग सिद्ध करावं लागेल."

करते की.

१९ एप्रिल

आज स्वयंपाकघरातल्या भिंतीवरून नकाशा उतरवला. काचेवर तुपकट धूर इतका बसला होता की सोडा लावून घासावी लागली.

१९३६ चा नकाशा. मी अक्षरं शिकले ती यावर. बाबा मला मांडीवर घ्यायचे आणि माझं बोट धरून फिरवायचे. तपकिरी रेघा म्हणजे चढ, जितक्या जवळ जवळ तितका चढ उभा. निळं म्हणजे पाणी. हिरवं रान. काळं ते सगळं माणसांनी केलेलं, घरं, कुंपणं, वाटा. आमचं घर म्हणजे एक काळा चौकोन, डाळीच्या दाण्याएवढा. ओढ्यापलीकडे इतुरींचाही तेवढाच. ते मला लहानपणी अजिबात आवडायचं नाही, त्यांचा आमच्याएवढाच चौकोन. मेंढ्यावाले ते. स्पेनकडच्या डोंगरांतून आलेले बास्क लोक. मेंढरं कुरण मुळासकट खातात असं बाबा म्हणायचे आणि घरात इतुरींचं नाव निघालं की खिडकीबाहेर थुंकायचे.

वाट आहे नकाशावर. ओढ्याच्या पलीकडच्या काठाने, इतुरींच्या गवताच्या पट्टीतून सरळ खिंडीकडे, तुटक तुटक काळी रेघ. तिच्यावरून बाबांनी लाल पेन्सिल फिरवलेली, म्हणजे नजरेतून सुटायला नको. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

आमच्या कुरणावर तळहाताएवढी जागा पुसट झाली आहे. तपकिरी रेघासुद्धा तिथे फिक्या आहेत आणि कागद खरखरीत लागतो. आईने तिथे गरम तवा टेकवला होता असं बाबा सांगायचे. आणि त्याच्याच वर, आमच्या मागच्या कड्यावर, नाव छापलंय 'शिडी'. कसली शिडी? तिथे उभा तुटलेला दगड आहे, शेळीसुद्धा चढणार नाही. मोजणी करणारे दुपारपासूनच प्यायचे असं दिसतं.

लेलँड जेवायला आला, रिकामा खिळा बघितला आणि म्हणाला, "कशाला काढलास?"

"कोर्टहाऊसला न्यायचाय."

"राहू दे ना तिथे. खपली कशाला काढतेस?"

"कसली खपली?"

त्याने चुलीत लाकूड सारलं. एप्रिलात, ऊन असताना.

२७ एप्रिल

कोर्टहाऊस. डॉरीन नावाची कारकून आहे तिथे, माझ्या वर्गात होती, तेव्हाही पेन्सिली टोकदार ठेवायची. तिने नकाशा उलटसुलट बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे. "विल्डा, यावर पेन्सिल आहे, डाग आहेत. पंचांसमोर हा टिकायचा नाही. सरकारी नकाशाखात्याकडे मूळ छपाईच्या प्रती असतात. शिक्का मारलेली मागव, परस्पर माझ्याकडे येईल. सुनावणी आठ जूनला लावते."

मी तिथल्या तिथे अर्ज भरला. व्हिटकॉमचा वकील सूट घालून येऊ दे, माझ्याकडे सरकारचा शिक्का असेल.

डॉरीन म्हणाली, "आणि एखादा जुना माणूस मिळाला तर बघ. ती वाट ठाऊक असलेला."

जुना माणूस एकच उरलाय. त्याच्याकडे जायच्या विचारानेच माझं तोंड कडू झालंय.

२ मे

एकशे अकराचं वासरू मेलं. मागचे पाय आधी आले. मी आणि लेलँडने दोन तास ओढलं.

९ मे

वासरांना डाग द्यायचा दिवस. बारा शेजारी आले, आपापली घोडी आणि दोर घेऊन. आपल्याकडे ज्याला बोलावतात तो शेजारी, ज्याला बोलावत नाहीत तो नुसता जवळ राहणारा. इतुरींना बाबांनी कधी बोलावलं नाही. बाबा गेले त्या वर्षी लेलँडने बिशेन्तेला फोन लावला होता, मला आठवतंय, आणि पलीकडून आवाज आल्यावर न बोलता ठेवून दिला होता.

सगळ्यांनी वाटेची चौकशी केली. सगळे म्हणाले, "तुमचीच वाट ती, विल्डा, आम्ही लहानपणापासून तुमची गुरं तिथनंच जाताना बघतोय." बरं वाटलं. घेवडा आणि पाव संपला, ॲपल पाय उरली नाही.

जेवताना लेलँड गोठ्याच्या पायथ्याच्या दगडावर बसला होता. तळहाताने दगड थोपटत म्हणाला, "चांगला दगड आहे हा. बावन्न वर्षं झाली, हलला नाही."

मी म्हटलं, "बाबांनी कडा फोडून काढलाय, हलेल कसा?" तो सुरुंग मला पक्का आठवतो. मी सात वर्षांची होते, आईने माझे कान दाबून धरले होते आणि तरी पोटात धडाम झालं. गोठ्याच्या पायासाठी दगड हवा म्हणून बाबांनी फोडला. लेलँड बारा वर्षांचा होता, तो बाबांबरोबर वर गेला होता. मी जायचं म्हणून रडले होते.

लेलँड म्हणाला, "फोडला त्यातला अर्धाच दगड पायाला लागला." मग उठून घोड्याकडे गेला.

१६ मे

गेले एकदाची वृद्धाश्रमात.

बिशेन्ते खिडकीत बसला होता. पंच्याऐंशी वर्षांचा, डोक्यावर ती काळी चपटी टोपी, हात अजून फावड्याएवढे. नेरेआ म्हणून नात आहे, ती त्याला मेंढीच्या मटणाचा रस्सा भरवत होती. मला बघून तिने चमचा खाली ठेवला. तो मात्र हसला.

"हायरम क्रँडलची धाकटी," तो म्हणाला. "ये, बस. आमच्याकडे पहिल्यांदाच आलीस ना?"

मी म्हटलं हो, पहिल्यांदाच. कशासाठी ते सांगितलं. नकाशा, सुनावणी, वाट. तो टोपीखालून ऐकत राहिला.

"१९३६ चा नकाशा," तो म्हणाला. "तो मोजणीवाला तीन आठवडे आमच्याकडे जेवला. माझ्या आईने त्याला वाढलं. रोज दिवेलागणीला शिडी उतरून यायचा, गुडघे धरून, शिव्या देत."

"कुठली शिडी?"

"तुमच्या कुरणामागची."

"तिथून? शेळी होता का तो?"

यावर तो इतका हसला की खोकला आला आणि नेरेआला पाठ चोळावी लागली. ती माझ्याकडे रागाने बघत होती. मी तर साधंच विचारलं होतं.

मग त्याने विचारलं, "पोरी, तू तो नकाशा वाचलायस?"

"त्यावरच अक्षरं शिकले."

"तुमच्या घरातल्या नकाशावर."

"नकाशा तो नकाशा. घराघरात बदलतो का?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गाड्या उभ्या असतात, बाकी काही नाही. मग म्हणाला, "काय लिहून हवंय?"

"की वाट आहे. होती. आणि तुमच्या माहितीप्रमाणे नकाशा बरोबर आहे."

"लिही," तो म्हणाला. "लिही, की १९३६ चा नकाशा छापला गेला तसा, रेघ न् रेघ, बरोबर आहे. याच्याखाली मी सही करतो. सुनावणीला येतोसुद्धा."

नेरेआ म्हणाली, "आजोबा, तिला सांगा ना."

तो त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि तिने पुन्हा चमचा उचलला. त्याने सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. निघताना मी हात पुढे केला, त्याने तो दोन्ही हातांत घेतला. म्हातारा इतका सरळ निघेल असं वाटलं नव्हतं. बाबा म्हणायचे बास्क माणूस पाठीमागून वार करतो. बाबांचं चुकलंच म्हणायचं कुठेतरी.

३० मे

लेलँडशी भांडण. तो म्हणतो अर्ज मागे घे. म्हणतो टॉडकडे जा, नीट विचार, एवढंच.

"भीक मागू?"

"विचारायला भीक म्हणत नाहीत, विल्डा."

"मग बाबांनी जन्मभर काय केलं? इतुरींच्या दारात जाऊन टोपी काढून उभे राहायचे?"

तो म्हणाला, "नाही. ते नाही केलं त्यांनी."

मग झालं तर, म्हटलं. चौसष्ट वर्षांचा माणूस आणि डोळ्यांत पाणी. म्हातारा व्हायला लागलाय. सुनावणीला येणार नाही म्हणतो.

८ जून

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मीच म्हणेन की असं झालं नाही.

तीन पंच, टेबलावर पाण्याचा जग. व्हिटकॉमचा वकील, सुटात. टॉड. डॉरीन. मागच्या बाकांवर डागाच्या दिवशी आलेले शेजारी, माझ्यासाठी आलेले. बिशेन्ते चाकांच्या खुर्चीत, नेरेआ मागे. बिशेन्तेचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं, रेघ न् रेघ बरोबर. माझं बोलणं झालं. चांगलं बोलले मी. मग डॉरीनने नकाशाखात्याची नळी उघडली. शिक्का होता. नकाशा फळ्यावर लावला. कोरा, स्वच्छ, हिरवा इतका हिरवा की त्याच्यापुढे आमच्या घरातला पिवळा वाटावा.

मी पुढे झाले, पलीकडच्या काठावर बोट ठेवायला. तिथे वाट नव्हती.

मला वाटलं चुकीचा कागद आलाय. इतुरींची पट्टी कोरी होती, नुसत्या तपकिरी रेघा. मग माझं बोट ओढा ओलांडून आलं, मी नाही नेलं, आपोआप आलं. काळी तुटक रेघ आमच्या फाटकापासून निघते. आमच्या कुरणाच्या मधून जाते, जिथे घरच्या नकाशावर तो तव्याचा डाग आहे बरोबर तिथून, आणि कड्याला भिडते. तपकिरी रेघा एकावर एक चढलेल्या, आणि त्यांच्यामधून ती नागमोडी वर जाते. बाजूला लिहिलंय, शिडी.

पाण्याचा जग कुणीतरी सरकवला.

मुख्य पंच बिशेन्तेकडे वळला. "मिस्टर इतुरी, हे बरोबर आहे?"

"रेघ न् रेघ."

"मग इतकी वर्षं क्रँडलांची गुरं तुमच्या जागेतून गेली ती कशी? त्यांच्या हक्काने की तुमच्या परवानगीने?"

"परवानगी कुणी मागितली नाही," बिशेन्ते म्हणाला. "पंधरा जूनला संध्याकाळी मी फाटक उघडायचो आणि दोराने मागे बांधून ठेवायचो. माझं फाटक होतं. मी उघडायचो."

तो दोर मी बघितलाय. दरवर्षी बघितलाय. निळा नायलॉनचा. फाटक उघडंच असायचं सोळा जूनला. ते कोण उघडतं हे मी एकदाही मनात आणलं नाही. सकाळ होते तसं ते उघडं असायचं.

निकाल एका तासात आला. व्हिटकॉमच्या जागेवर सार्वजनिक वाट नाही, कधी नव्हती. क्रँडलांच्या कुरणातून आहे, आजही आहे, आणि तिच्यावरचं कुंपण महिन्याभरात उघडायचं. माझाच अर्ज, माझाच पुरावा. शेजारी टोप्या घालून बाहेर पडले, माझ्याकडे न बघता.

बाहेर नेरेआ खुर्ची गाडीपाशी नेत होती. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी सांगता आलं असतं."

बिशेन्ते म्हणाला, "बावन्न वर्षांत तूही विचारू शकली असतीस." आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

९ जून

घरचा नकाशा काचेतून काढून खिडकीवर धरला. सकाळचं ऊन त्या डागातून आरपार येतं. वस्तऱ्याने खरवडलंय. तव्याने नाही. आणि पलीकडच्या काठाची काळी रेघ, लाल पेन्सिलीखालची, छापलेली नाही, शाईने हाताने ओढलेली आहे.

१० जून

लेलँडला चुलीपासून ओढून टेबलाशी बसवलं आणि म्हटलं बोल.

बोलला. आयुष्यात एका दमात इतकं बोलला नसेल. वाट आपल्या कुरणातून होती. मेंढ्या जायच्या, लोकांची गुरं जायची, मासे धरणारे जायचे. दर उन्हाळ्यात गवताचं मातेरं व्हायचं. बाबांना कुरण अखंड हवं होतं. १९५७ च्या मे महिन्यात त्यांनी शिडीला तीन ठिकाणी सुरुंग लावले. "वात मी धरली होती," तो म्हणाला. काउंटीच्या कचेरीत कळवलं की बर्फाने कडा ढासळला. मग सगळ्यांची जनावरं ओढ्यापलीकडून जायला लागली, इतुरींच्या पट्टीतून. त्यांच्याकडे गवताची तेवढी एकच पट्टी होती. दोन हिवाळ्यांत मेंढ्या संपल्या. बिशेन्तेचा बाप त्यानंतर लाकडाच्या कारखान्यात झाडू मारायला लागला.

"त्यांनी तक्रार का नाही केली?"

"कुणाकडे? त्यांचं इंग्रजी कुणाला कळत होतं? आणि बाबा काउंटीच्या पंचांत बसायचे तेव्हा."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांच्या मांडीवर बसायचीस," लेलँड म्हणाला. "नकाशासमोर."

मी त्याला नको ते बोलले. ते इथे लिहीत नाही. ते बाबांना ऐकवायला हवं होतं, पण ते टेकडीवर झोपलेत, इतुरींच्या पट्टीकडे पाय करून.

१३ जून

गेले टॉडकडे. टोपी काढून उभी राहिले, दारात, पायरीवर. विचारलं. दोन दिवस द्या, वर न्यायला एक आणि ऑक्टोबरात आणायला एक. मागाल ती दुरुस्ती करून देईन.

त्याला खरंच वाईट वाटलं. "बाई, एप्रिलात फोनवर हेच विचारलं असतंत ना, साहेबांनी मला सांगितलं असतं, उघड. त्यांना काय फरक पडतो? पण आता वकील म्हणतो एकदा जाऊ दिलं की उद्या तुम्ही पुन्हा हक्क सांगाल. लेखी नकार आलाय."

एप्रिलात मी फोन केला होता. तो विचारायला नव्हता केला.

१६ जून

गुरांना कुणी सांगितलं नाही. त्यांना तारीख कळते. सकाळी सात वाजता तेवीस नंबरची म्हातारी पुढे निघाली, सोळा वर्षं तीच पुढे असते, आणि तिच्यामागे सगळ्या. ओढा ओलांडून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी घोडा घेऊन मागे गेले, वळवायला, पण वळवेना मला. तेवीस नंबरने साखळी हुंगली, कपाळाने फाटक ढकलून बघितलं. मग माझ्याकडे मान वळवून हंबरली. मग सगळ्याच. दुपारपर्यंत हंबरत होत्या. व्हिटकॉमची सांबरं पळाली असतील, तेवढंच समाधान.

मी कड्यापर्यंतही जाऊन आले. तीन ठिकाणी तुटलाय. मधल्या दोन टप्प्यांवर अजून पायऱ्या दिसतात, खुरांनी झिजलेल्या, खोलगट. खालून वर जात नाहीत आणि वरून खाली येत नाहीत.

२ जुलै

रानखात्याचं पत्र. या हंगामात गुरं न आल्यास परवाना रद्द समजावा. मान्य असल्याची सही हवी. केली.

१४ जुलै

विकलेली गुरं न्यायला ट्रक आले. चार फेऱ्या. तेवीस नंबर फळीवर चढेना, लेलँड तिच्या कानात काहीतरी बोलला तेव्हा चढली. वीस गाई ठेवल्यात, कुरणावर तेवढ्याच जगतील. त्र्याण्णवचं वासरू गेलं. या वहीत त्याच्यापुढे काय लिहायचं कळेना. जगलं की मेलं एवढेच दोन रकाने आहेत.

२२ जुलै

दुपारी अंगणाबाहेर गाडी थांबली. नेरेआने खुर्ची काढली, पण बिशेन्ते काठीवर उभा राहिला. कुंपण या महिन्याच्या सुरुवातीलाच उघडलंय, काउंटीने फाटकावर बाणाची पाटी ठोकलीय. सरळ आत जायचं की. तो गेला नाही. घराच्या पायरीपाशी आला, टोपी काढली. डोक्यावर तिच्या कडेचा पांढरा पट्टा होता, ऊन न लागलेला.

"आम्ही शिडीपर्यंत जाऊन येऊ का?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "वाट खुली आहे आता. विचारायची गरज नाही."

"ते ठाऊक आहे. विचारतोय."

माफीचा शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. खोटं कशाला लिहू, आला होता आणि मी तो गिळला. "या," एवढंच म्हटलं.

कापलेल्या गवतातून दोघं सावकाश गेली. तो कड्याच्या तळाशी थांबला, दगडावर हात ठेवला, वर बघत राहिला, आणि परत आला. जाताना नेरेआने फाटक लावलं. त्याने मागे वळून कडी हलवून बघितली, नीट लागली का.

ते गेल्यावर मी पायरीवर बसले. कॉफी हातात होती. बावन्न वर्षं, वर्षातून दोनदा, आमची गुरं त्यांच्या पट्टीतून गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त मी स्वतः हाकली. बाबा घोड्यावरून उतरून त्यांच्या दाराशी गेले असतील, किंवा मी, किंवा निदान जाता जाता कुणी हात हलवला असेल, असा एक दिवस आठवायला बसले. एकच हवा होता. कॉफी पार गार झाली. लेलँड आत चुलीपाशी बसला होता, त्याला हाक मारून विचारलं, तुला आठवतो का एखादा?

लाकूड सारल्याचा आवाज आला.